इंदूरच्या सावलीतल्या अंगणात पेव कसं लावायचं

श्रावणात कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटात फिरलेल्यांना पेवाची ओळख करून द्यावी लागत नाही. रस्त्याकडेच्या झाडीत उभे असलेले पीळ घेतलेले दांडे, टोकाला तांबडं कणीस आणि त्यातून बाहेर आलेलं, कडा चुरगळलेलं पांढरं फूल. मध्य प्रदेशात सातपुडा आणि मैकलच्या ओलसर जंगलांत हीच वनस्पती केवकंद म्हणून ओळखतात. म्हणजे आपल्या राज्याला ती परकी नाही, फक्त माळव्याच्या पठारावरच्या बंगल्यांत आणि कॉलन्यांत कुणी ती लावत नाही.

ज्यांच्या घराच्या उत्तरेला, आंब्याखाली किंवा शेजारच्या तीनमजली भिंतीमुळे कायमची सावली पडते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तिथे गुलाब फुलत नाही, झेंडू उंच वाढून आडवा होतो, आणि शेवटी माणूस मनी प्लांट लावून मोकळा होतो. त्या जागेत पेव चांगलं येतं. इंदूरला वर्षाला शंभर सेंटिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, कोकणात त्याच्या तिप्पट. तरीही पाऊस कमी पडतो म्हणून पेव मरत नाही. मरतं ते दोन कारणांनी: खालची माती, आणि होळी ते मृग या काळातला आपला उतावीळपणा. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

१. आधी ओळख पक्की करा

नर्सरीत पेव मागितलं तर तीन वेगळ्या गोष्टी हातात पडू शकतात.

पहिली, सोनटक्का. तो आपल्या घरांतून असतोच. सोनटक्क्याची पानं दांड्याच्या दोन बाजूंना, समोरासमोरच्या ओळींत असतात. पेवाची पानं दांड्याभोवती जिन्यासारखी फिरत वर जातात आणि पानाची खालची बाजू हाताला मऊ, लवदार लागते. पान चुरगळून वास घ्या: आल्या-हळदीचा वास आला तर ते पेव नव्हे.

दुसरी आणि जास्त फसवी, ‘इन्सुलिन प्लांट’. हीसुद्धा पेवाच्याच कुळातली, पानंही तशीच फिरती, पण उंचीला बुटकी आणि फूल नारिंगी. ती मूळची ब्राझीलची. मधुमेहाच्या नावाखाली ती इतकी खपते की विक्रेता तीच पुढे करतो.

तिसरं, पांढरे पट्टे असलेल्या पानांचं पेव. ते पेवच आहे, पण शोभेसाठी जोपासलेला प्रकार. लावायला हरकत नाही. मला स्वतःला साधं हिरवंच आवडतं.

शास्त्रीय नाव मोबाइलमध्ये लिहून ठेवा: हेलेनिया स्पेसिओसा. जुनं नाव कॉस्टस स्पेसिओसस, आणि नर्सरीवाले अजून तेच वापरतात. मराठी नाव इथे कुणाला कळणार नाही. ‘भैया, केवकंद है क्या? सफेद फूलवाला कॉस्टस?’ असं विचारलं की काम होतं.

२. रोप आणा, पण जंगलातून नाही

चोरल, पातालपानी, जानापाव ही आपली पावसाळी सहलीची ठिकाणं. तिथून काहीतरी उपटून पिशवीत घालायची सवय बऱ्याच जणांना आहे. कृपा करून करू नका. राळामंडळसारख्या अभयारण्यातून कोणतीही वनस्पती काढून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. राखीव जंगलांनाही वन कायदा लागू आहेच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी भर पावसात, वाढीच्या ऐन दिवसांत उपटलेला कंद घरी आणून जगवणं कठीण असतं. त्याची बारीक मुळं तुटतात, पानं मोठी असतात, आणि दोन दिवसांत दांडा मान टाकतो.

मिळण्याच्या जागा अशा: औषधी वनस्पती ठेवणाऱ्या नर्सऱ्या, वनविभागाच्या रोपवाटिका (महूजवळ बडगोंद्याला एक आहे, जाण्याआधी काय उपलब्ध आहे ते विचारून घ्या), आणि सगळ्यांत खात्रीचे, पुण्या-कोकणातले नातेवाईक. ज्यांच्या अंगणात पेव आहे त्यांच्याकडे ते नेहमी जास्तच असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी तिकडून येणार असेल तर सुप्त कंद मागवा. कोरड्या मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळला की पुण्याच्या गाडीत रात्रभर सहज टिकतो. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणलेला कंद मात्र आतल्या आत घामेजतो आणि कुजतो.

घेताना कंद बोटांनी दाबून पाहा. टणक हवा, त्यावर निदान दोन-तीन डोळे हवेत. मऊ, पाणथळ वास येणारा कंद फुकट मिळाला तरी घेऊ नका.

३. सावली मोजा, आणि ती पावसाळ्याची मोजा

‘सावली आहे’ एवढं पुरेसं नाही. पेवाला गाळीव उजेड हवा: आंब्या-जांभळाच्या फांद्यांतून ठिपक्यांनी येणारं ऊन, किंवा सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन. अगदी काळोख्या बोळात ते जगतं, पानं धरतं, पण फुलत नाही. दुपारचं थेट ऊन मिळालं तर पानांच्या कडा करपतात.

इथे एक गंमत आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये सूर्य डोक्यावर येऊन थोडा उत्तरेकडेही सरकतो. डिसेंबरात जी उत्तरेची भिंत दिवसभर गार असते, तिथेच जूनच्या सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन पडतं. पेव वाढतं जून ते ऑक्टोबर. तेव्हा थंडीत पाहून ठरवलेली जागा चुकीची ठरू शकते. जूनच्या एखाद्या मोकळ्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्या जागेचा फोटो काढून ठेवा. फोटो पाहून निर्णय करायला वेळ लागत नाही.

कॉलन्यांतल्या बहुतेक घरांत सावलीची जागा म्हणजे एमओएसची, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळी सोडलेल्या जागेची, चिंचोळी पट्टी. तिथे फरशी किंवा सिमेंट असेल तर भिंतीपासून निदान हातभर सोडून लावा. पेवाची मुळं भिंत फोडणारी नाहीत, पण रोजची ओल पायाशी नको.

आंब्याखाली लावायचं तर खोडाला चिकटून नको, तिथे आंब्याचीच मुळं सगळं पाणी पितात. फांद्यांच्या घेराच्या मधल्या पट्ट्यात लावा. निलगिरी आणि बांबूखाली लावायचा विचार सोडून द्या.

४. सामान

कुदळ किंवा फावडं, खुरपी, दोन घमेली, जाड चाळणी, झारी.
कंद, प्रत्येकी निदान दोन डोळ्यांचे.
पानखत: एका वाफ्याला तीन-चार घमेली तरी.
पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं.
नदीची धुतलेली वाळू, एक घमेलं.
वरून पसरायला कोरडा पालापाचोळा, पोतंभर.
खुणेसाठी काठ्या. या क्षुल्लक वाटतात, पण विसरू नका; कारण आठव्या पायरीत आहे.

५. माती: खरं काम इथेच आहे

माळव्याची काळी माती कापसाला आणि सोयाबीनला उत्तम, पण जंगलातल्या कंदाला नाही. पावसात ती चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळं तुटतात. शिवाय ती अल्कधर्मी, म्हणजे पेवाला लोह सहज मिळत नाही. जंगलात पेव ज्यात वाढतं तो थर मातीपेक्षा कुजलेल्या पानांचाच जास्त असतो. तो थर तुम्हाला अंगणात तयार करायचा आहे.

फूटभर ते सव्वा फूट खोल खणा. नवीन घर असेल तर खणताना हमखास मलबा निघेल: विटांचे तुकडे, प्लास्टर, सिमेंटचे गोळे. सगळा वेचून बाहेर टाका. चुना आणि सिमेंट मातीत राहिले की पानं पिवळी पडणारच, मग कितीही खत घाला.

निघालेल्या मातीतली अर्धीच परत घ्या. एक घमेलं माती, दोन घमेली पानखत, अर्धं घमेलं वाळू आणि थोडं शेणखत असं मिसळा. वाळूऐवजी गिट्टीची चुरी स्वस्त मिळते म्हणून बांधकामवाला ती सुचवेल. घेऊ नका, तिची बारीक भुकटी काळ्या मातीत मिसळून थर आणखी घट्ट करते. तयार मिश्रण ओलं करून मुठीत वळा. लाडू वळला पाहिजे, आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. फुटत नसेल तर आणखी पानखत. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा म्हणजे जुलैच्या झडीत पाणी साचणार नाही.

आता पानखत आणायचं कुठून? विकत मिळालं तरी महाग असतं आणि खात्रीचं नसतं. घरी करा. इंदूरकरांना हे सांगायची वेळ यावी हीच खरी नवलाची गोष्ट. जगभर ज्याला कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती इथल्याच, १९२४ साली सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं क्वचितच. ती संस्था म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाचा परिसर.

घरगुती प्रमाणात ती पद्धत अशी उतरवता येते. पालापाचोळा आणि काडीकचऱ्याचा वीतभर थर, त्यावर पाण्यात कालवलेलं शेण, त्यावर चिमूटभर राख मिसळलेली माती, पुन्हा पालापाचोळा. कमरेएवढा ढीग करा. दोन-तीन आठवड्यांनी वरखाली करा, मग पुढच्या दोन आठवड्यांनी, मग दुसरा महिना संपताना. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला राहिला पाहिजे. तीन महिन्यांत खत तयार होतं. शेण मिळत नसेल तर नुसती पानं पोत्यात दाबून, ओली ठेवून सावलीत ठेवा. त्याला आठ महिने ते वर्ष लागतं, पण पेवाला ते जास्त मानवतं.

पानं गोळा करायचा काळ होळीच्या आसपासचा, पानगळीचा. चिंचेची, गुलमोहराची, शिरीषाची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याची आणि अशोकाची चिवट असतात, ती चुरून किंवा कापून घाला. आपल्या शहरात कचरा गाडीत पानं देणं इतकं अंगवळणी पडलं आहे की शेजारच्या काकूंना ‘तुमची पानं मला द्या’ म्हटलं तर त्या आधी चमकतात. मागा तरी. चार घरांची पानं मिळाली तर एका वाफ्याचं काम होतं.

पहिल्या वर्षी पानखत तयार नसेल तर गांडूळखत आणि कोकोपीट निम्मेनिम घेऊन सुरुवात करा, आणि वरून पाचोळ्याचा जाड थर द्या. खालचा थर हळूहळू तयार होतो.

६. लावणी

वेळ: मेचा शेवटचा आठवडा ते मृगाचा पहिला पाऊस. याआधी नको.

कंद आडवा ठेवा, डोळे वर, आणि त्यावर तीन बोटं माती येईल इतकाच खोल. दोन कंदांत दीड ते दोन फूट अंतर. मोठा कंद कापायचा असेल तर धारदार चाकूने कापा, कापलेल्या तोंडाला राख लावा आणि एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. मग लावा.

लावल्यावर एकदा झारीने पाणी, वरून चार बोटं पाचोळा, बस. कोंब जमिनीबाहेर येईपर्यंत माती फक्त दमट ठेवायची. इथेच नवशिक्या माणसाचा हात सैल सुटतो आणि रोज नळी धरली जाते. मुळं नसलेल्या कंदाला रोजचं पाणी लागत नाही.

कोंब यायला तीन आठवडेही लागतात. उकरून पाहू नका.

७. पाऊस आणि फुलं

जुलैमध्ये फारसं काही करायचं नसतं. गोगलगायी येतात, कोवळे कोंब रात्रीत खातात. संध्याकाळी ओलं पोतं वाफ्याशेजारी अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलून दूर नेऊन टाका. विषारी गोळ्या घरात कुत्रा-मांजर असेल तर अजिबात नकोत.

दांडे साधारण छातीपर्यंत, चांगल्या मातीत डोक्यापर्यंतही जातात. त्यांच्या टोकाला तांबडी कणसं श्रावणात दिसू लागतात आणि गौरी-गणपतीच्या सुमारास फुलं सुरू होतात. एक फूल एकच दिवस टिकतं, पण एका कणसातून रोज एक-दोन अशी कित्येक आठवडे येत राहतात. लहान कंदापासून लावलेलं रोप पहिल्या वर्षी फुललं नाही तरी काळजी नको. ते कंद जाड करत असतं.

कणसावर मुंग्या दिसतील. बऱ्याच घरांतून इथे फवारा निघतो. मारू नका. पेवाच्या तांबड्या पाकळीवजा पानांतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठीच येतात. त्यांच्यामुळे फुलाचं नुकसान होत नाही. फुलात शिरणारे मोठे काळे भुंगे हे तर परागण करणारे. औषध मारलंत तर आधी ते जातील.

सप्टेंबरअखेर पाऊस संपतो आणि ऑक्टोबरची उन्हं चटके देतात. पेव तेव्हाही फुलत असतं. वर्षातला हा एकच काळ आहे जेव्हा पाण्यात कंजुषी करायची नाही: एक दिवसाआड, सकाळी, मुळाशी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्याच वेळापत्रकावर बसवलं की विसर पडत नाही.

८. दिवाळीनंतर: ते मेलेलं नाही

सगळ्यांत जास्त पेवं इथेच गमावली जातात. दिवाळी उलटली की पानं पिवळी पडतात. डिसेंबरात दांडे तपकिरी होऊन लवतात. माणसाला वाटतं, थंडीने गेलं. आणि मग दोनपैकी एक होतं. एक तर घाबरून पाणी आणि खत वाढवलं जातं आणि कंद कुजतो. नाहीतर माळी रिकामा वाफा पाहून तिथे झेंडू किंवा पालक लावून टाकतो आणि कंदाचे तुकडे कचऱ्यात जातात. खुणेच्या काठ्या यासाठीच. माळ्याला तोंडी सांगितलेलं पुढच्या महिन्यापर्यंत टिकत नाही.

करायचं ते एवढंच: दांडे पूर्ण वाळू द्या, हिरवे असताना कापू नका, कारण त्यांतला अंश कंदात उतरत असतो. वाळले की जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. वाफ्यावर वीतभर पाचोळा घाला. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी बंद. माती अगदी भुगा झाली तर महिन्यातून एकदा शिंपण पुरे.

आता मार्च, एप्रिल, मे. पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी. पेव माळव्यात टिकतं याचं कारण नेमकं हेच की या काळात ते जमिनीखाली झोपलेलं असतं. त्याला तसंच राहू द्या. गुढीपाडव्याला बागेत नवी उमेद येते, हातात नळी असते, आणि आपण वाफा भिजवतो. कंद फसतो, कोंब काढतो, आणि एप्रिलच्या लूमध्ये तो कोंब जळतो. दुसरा कोंब काढायला कंदाकडे ताकद कमी उरते. पाचोळा जाड ठेवा, पंधरा-वीस दिवसांनी कडेने थोडं पाणी द्या, इतकं की कंद सुरकुतू नये. वळिवाने स्वतः कोंब आला तर येऊ द्या, आणि मग मात्र ती ओल तुटू देऊ नका.

९. नेहमीच्या तक्रारी

पान पिवळं, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. आधी मलबा राहिलाय का पाहा. पानखत वाढवा. घाई असेल तर चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात फवारा.

दांडा बुडातून मऊ होऊन पडला: कंद कुजतोय. उकरा, सडका भाग कापून टाका, उरलेला राख लावून नव्या, निचऱ्याच्या जागी लावा.

पानांच्या कडा तपकिरी: ऊन जास्त किंवा ऑक्टोबरात पाणी कमी.

भरपूर पानं, फूल नाही: सावली दाट आहे. वरच्या आंब्याची एखादी फांदी छाटा.

आणि एक सूचना, तक्रार नसली तरी. केवकंद औषधी आहे, त्याच्या कंदात डायोसजेनिन नावाचं औषधी रसायन असतं, हे वाचून कुणीतरी घरात काढा करायला निघतं. वैद्याला विचारल्याशिवाय करू नका, गरोदर बाईने तर मुळीच नाही.

१०. कुंडीत, आणि पुढे वाटायला

जमीन नसेल तर चौदा-सोळा इंची कुंडी, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. माती वरच्याच प्रमाणात. गच्चीवर ठेवू नका. उन्हाळ्यात स्लॅबची धग कुंडीच्या बुडातून कंदापर्यंत जाते. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या ओट्यावर चालेल. थंडीत कुंडी आडवी करून ठेवली की कुणी चुकून पाणी घालत नाही.

पावसाळ्यात दांड्याचे तुकडेही रुजतात. दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या वाळूत आडवा ठेवून अर्धा झाकायचा, पेरापाशी कोंब फुटतो. तिसऱ्या वर्षी वाफा दाटला की मेच्या शेवटी कंद उकरून फोडा. निम्मे परत लावा, उरलेले द्या, आणि देताना चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहा, पेव आणि केवकंद, खाली ठळक अक्षरांत: ‘डिसेंबरात वाळेल, फेकू नका.’